हिरकीने परत आणलेले पाणी

काकडठाणच्या पाड्यातून वर पाहिले की समोर पाणसोड्या डोंगर दिसतो. आजूबाजूचे डोंगर आता बोडके झाले आहेत, हा एकटा माथ्यापर्यंत साग, ऐन आणि मोहाने भरलेला आहे. माथ्यावर काळ्या कातळात एक टाके आहे आणि टाक्याच्या काठी उंबर. त्या उंबराच्या फांद्यांवरून लांबच लांब कापडे लोंबत असतात. काही लाल, काही पिवळी, काही उन्हाने इतकी विरलेली की मूळ रंग सांगता येत नाही. वर येणारे पाहुणे ती कापडे पाहून हात जोडतात, आणि एखादी बाई पदराची दशी तोडून फांदीला बांधायला निघते. तेव्हा मी तिचा हात धरते. बाई, ही नवसाची कापडे नव्हेत. ही नवरदेवांची पागोटी आहेत.

मी धर्मी वरठा. जन्म याच पाड्यातला, आणि लग्नही याच पाड्यात झाले. अंगणवाडीतली नोकरी संपली तेव्हा गुडघेही संपत आले होते, तरी पाहुण्यांना घेऊन मी अजून वर चढते. कारण मी चढले नाही तर तुम्ही खाली रस्त्याच्या वळणावरची पाटी वाचाल आणि तेच खरे धरून घरी जाल. पाटीवर लिहिले आहे : ‘पुरातन टाके. शूर शिडवा पाटील यांनी ग्रामस्थांच्या मदतीने खोदले.’ ज्यांनी ती लावली त्यांना मी विचारायला गेले होते. म्हटले, हे तुम्हाला कोणी सांगितले? ते म्हणाले, “आजी, जुन्या दप्तरात असंच आहे.” असेल, दप्तरात असेलही. ग्रामस्थांच्या मदतीने म्हणे! त्या ‘ग्रामस्थां’मध्ये एकही मिशीवाला नव्हता, हे दप्तर लिहिणाऱ्याला लिहायला लाज वाटली असेल. बसा या दगडावर, दमला असाल. मी सांगते ते आमच्या आज्यांनी सांगितलेले आहे.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते कोणाला ठाऊक नाही. खाली नदीच्या वळणावर त्या वेळी एक गढी होती आणि गढीत एक सरदार राहायचा, असे सांगतात. मुलूख त्याचा म्हणे. कोणी दिला त्याला, हे आमच्यापैकी कोणाला कळले नव्हते, आणि तोवर कळायची गरजही पडली नव्हती. तो खाली आणि आम्ही वर, असे चालले होते.

वर काकडठाणात हिरकी नावाची धवलेरी होती. तुम्ही वारल्यांचे लग्न पाहिले नसेल तर सांगते. आमच्यात लग्न भट लावत नाही. धवलेरी लावते, आणि धवलेरी ही बाईच असते. भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला की ती त्याच्यासमोर बसते, आणि गाते. देवांना बोलावते, धान्याच्या देवीला, कणसरीला बोलावते, डोंगराला, ओहोळाला नाव घेऊन बोलावते. ती गाते म्हणून लग्न लागते. तिने तोंड उघडले नाही तर शंभर माणसे जेवून गेली तरी लग्न लागलेले नसते.

पण हिरकीचे काम लग्नावर संपत नव्हते. बी बायांकडे असायचे. नागलीचे, वरईचे, उडदाचे बी बाया राखेत घोळून कणग्यांत ठेवायच्या. आणि ज्यांच्याकडे बी, त्यांनीच ठरवायचे की यंदा डोंगराच्या कुठल्या अंगाला पेरायचे, कुठले अंग पड राहू द्यायचे, कुठल्या झाडाला कोयता लावायचा नाही. पेरणीसाठी राब भाजायच्या आधी साऱ्या बाया माथ्यावर बसत आणि हिरकीच्या तोंडून शेवटचा शब्द येई. पुरुष नांगर धरत, शिकार करत, तारपा वाजवत, आणि शब्द पाळत. त्यात त्यांना कमीपणा वाटल्याचे कुठल्या आजीने सांगितलेले नाही. कमीपणा वाटायला शिकवणारा माणूस अजून डोंगर चढून आला नव्हता.

तो आला. गढीचा कारभारी. त्याचे नाव गावाने जपलेले नाही, जपायचे काही कारणही नाही. खाली खाडीवर गलबते बांधणाऱ्यांना साग हवा होता आणि कारभाऱ्याच्या डोळ्यांत आमचा डोंगर भरला होता. तो एक भट, दोन शिपाई आणि पाण्याचा एक तांब्या घेऊन आला. त्या दिवशी हिरकी पाड्यात नव्हती. पलीकडच्या खोऱ्यात लग्न होते, ती आणि पाड्यातल्या बहुतेक बाया तिकडे गेल्या होत्या. कारभाऱ्याला हे माहीत होते असे काही जण सांगतात, काही म्हणतात त्याचे नशीब. माझे विचाराल तर त्याला पक्के माहीत होते.

त्याने पुरुषांना गोळा केले आणि विचारले, “इथला मुख्य कोण?”

“हिरकी,” पुरुष म्हणाले. “लग्न लावाया गेली हाय. येल परवा.”

कारभारी हसला. भटाकडे पाहून हसला, शिपायांकडे पाहून हसला. “अरे, मी घरच्या बायकोचं नाव विचारत नाही. मुख्य माणूस कोण?”

“तीच,” पुरुष पुन्हा म्हणाले. त्यांना प्रश्नच कळेना.

मग कारभाऱ्याने स्वतःच मुख्य माणूस निवडला. हिरकीचा नवरा शिडवा सगळ्यांत उंच होता, छातीने रुंद होता, आणि चेहऱ्याने भोळा होता. कारभाऱ्याने शिपायाच्या काखेतले एक लाल पागोटे काढले आणि शिडवाच्या डोक्याला बांधले. म्हणाला, आजपासून तू पाटील. शिडवा वाईट माणूस नव्हता. पण नवे कोरे लाल पागोटे डोक्यावर चढल्यावर कोणाला बरे वाटणार नाही? तो म्हणे ओहोळाच्या पाण्यात आपले तोंड पाहायला गेला आणि दोस्तांनी त्याला धरून परत आणले.

मग कारभारी सगळ्यांना इथे माथ्यावर घेऊन आला. तेव्हा इथे टाके नव्हते, नुसता सपाट कातळ आणि त्यावर हातभर माती. कारभारी म्हणाला, “पाटील, तुमची माती कशी आहे बघू दे.” शिडवाने मूठभर माती उचलून ओंजळीत धरली. कारभारी म्हणाला, “चढून दमला असाल, पाणी घ्या.” आणि त्याने हात झटकायच्या आत तांब्यातले पाणी त्याच्या ओंजळीत ओतले.

आमच्यात एक रीत आहे. पाहुण्याच्या हातचे काही मिळाले, ताडी असो की पाणी, तर पहिला घोट आपण घ्यायचा नाही. पहिले धरतरीला द्यायचे. आणि देताना ज्या जागी उभे आहोत त्या जागेचे नाव घ्यायचे, म्हणजे ते कोणाला मिळाले ते धरतरीला कळते. मूल चालायला लागते तेव्हापासून ही रीत हाताला लागते. शिडवाने डोंगराचे नाव घेतले, “हे धरतरी, तुला,” म्हणाला, आणि ओंजळीतले पाणी मातीसकट खाली सोडले.

भट काहीतरी पुटपुटला. कारभारी शिपायांना म्हणाला, “पाहिलंत? ऐकलंत? डोंगराचं नाव घेऊन, हातात माती घेऊन, पाटलानं पाणी सोडलं. दान झालं.”

त्यांच्या रीतीत पाणी सोडले की वस्तू गेली. शिडवाला हे कोण सांगणार? त्याला वाटले पाहुणा खूश झाला. त्याने दुसऱ्यांदा ओंजळ पुढे केली, प्यायला. कारभाऱ्याने तांब्या उपडा करून दाखवला आणि डोंगर उतरायला लागला.

मला या ठिकाणी दरवेळी राग येतो. किती वर्षे ही गोष्ट सांगते आहे, तरी येतो. लुबाडायचे तर हत्याराने लुबाडावे. माणसाच्या भक्तीचा पेला करून त्यातूनच त्याला लुबाडायचे, याला काय म्हणायचे? आणि वर म्हणायचे की या जंगली लोकांना व्यवहार कळत नाही!

हिरकी लग्न लावून परत आली तेव्हा डोंगराच्या पायथ्याला कुऱ्हाडीवाले उतरले होते आणि झाडांच्या बुंध्यांना चुन्याच्या खुणा करत होते. तिने एकाला विचारले, कोणाच्या हुकमाने? तो म्हणाला, सरदारांचा डोंगर आहे, पाटलाने दान दिला. ती घरी आली. शिडवा अंगणात पागोटे बांधून बसला होता, पण तोवर त्यालाही काहीतरी बिनसल्याचे कळले असावे, कारण तो मान वर करीना.

“कोणाला इचारलंस?” हिरकी म्हणाली.

“मी नुसता पानी पियालो ग,” शिडवा म्हणाला. “पियालो पन नाय. धरतरीला दिला.”

तिने सगळे ऐकून घेतले. तिने नवऱ्याला शिवी दिली नाही. पाड्यातल्या इतर बायांनी ती कसर भरून काढली, असे सांगतात. शिडवाने पागोटे सोडून चुलीत घालायला घेतले तेव्हा हिरकीने त्याचा हात धरला. “राहू दे. त्या गढीत डोकी नाय बघत, पागोटी बघतात. बांध आन् चल माझ्यासंगं.”

झालेही तसेच. गढीच्या दरवाजावर शिपायाने तिला अडवले, पुरुषमाणूस घेऊन ये म्हणाला. शिडवा पुढे झाला, शिपायाने लाल पागोटे पाहिले आणि वाट दिली. त्याच्यामागून ती आत गेली. ज्या बाईच्या तोंडून सारे खोरे शब्द घेत होते ती बाई, स्वतःच्या डोंगरासाठी, नवऱ्याच्या डोक्यावरच्या फडक्याआड आत शिरली. हे विसरू नका.

सरदाराने शिडवाला विचारले, “बोला पाटील, काय गाऱ्हाणं?”

“मला नका इचारू,” शिडवा म्हणाला. “तिला इचारा. मला इचारलं म्हनून तर समदं झालं.”

सदरेवर हशा पिकला. हशा विरेपर्यंत हिरकी थांबली. मग म्हणाली, “पानी सोडून तुम्ही लेक देता, गाय देता. आईला देतो का कोनी? डोंगर आमची आई हाय. आन् आई याची एकट्याची नाय. त्याच्या अंगावर काय पेरायचं, काय ठेवायचं त्याचा शबुद मी देते, माझ्याआधी माझी सासू देत होती. मला कोनी इचारलं?”

सरदाराने कारभाऱ्याकडे पाहिले. सरदाराला गाऱ्हाण्याशी देणेघेणे नव्हते, पण सागाचा माल हवा होता आणि चार माणसांत अन्याय केलेला दिसायलाही नको होता. कारभारी चतुर. तो म्हणाला, “बाईचं म्हणणं बरोबर असेल, महाराज. पण सुटलेलं पाणी परत येत नाही. हिनं ते पाणी परत आणावं आणि आपल्या तांब्यात घालावं. मग दान मोडलं असं आपण समजू.” पुन्हा हशा. सरदारालाही गंमत वाटली. तो म्हणाला, “मंजूर. पावसाळ्याच्या आत आण. आणलंस तर डोंगर तुमचा. नाही आणलंस तर मृग लागताच कुऱ्हाडी चालतील.”

त्यांनी ती चेष्टा म्हणून सांगितली. हिरकीने ती अट म्हणून ऐकली.

ती थेट वर आली, इथे. शिडवाला म्हणाली, पाणी कुठे सोडलेस ती जागा दाखव. त्याने दाखवली, हीच, जिथे आता टाक्याची पहिली पायरी आहे. तिने पाड्यातल्या बायांना बोलावले आणि म्हणाली, “पानी धरतरीला दिलं होतं. तिच्यापाशीच असंल. तिच्याकडून मागून आनायचं.”

आसपासच्या खोऱ्यांत निरोप गेले. जिथे जिथे हिरकीने लग्ने लावली होती तिथून बाया आल्या. दुसऱ्या पाड्यांच्या धवलेरी आल्या, त्यांनी आपापल्या बाया आणल्या. कोणी कंद खणायच्या काठ्या आणल्या, कोणी लोखंडी पहार. हातभर माती निघाली आणि खाली हा कातळ लागला. कातळाला काठी काय करणार? मग बायांनी जंगलात पडलेली सुकी लाकडे गोळा केली आणि कातळावर पेटवली. कातळ तापून तडकला की निखारे बाजूला सारायचे, चिरेत पहार घालायची आणि ढलपा उचलायचा. मग पुन्हा लाकडे. लाकडासाठी एक हिरवी फांदी तोडू द्यायची नाही, हा हिरकीचा दंडक होता. ज्याच्यासाठी भांडतो त्यालाच तोडायचे असेल तर कारभारी काय वाईट, असे ती म्हणे.

पुरुष म्हणाले, आम्ही खणतो. हिरकीने नको म्हटले. तिने त्यांना चुलीपाशी बसवले, पोरे दिली आणि ओहोळावरून पाणी आणायचे काम दिले. त्यांनी केलेली अंबील खाली लागायची, वर गुठळ्या व्हायच्या, आणि बाया ती नावे ठेवत ठेवत संपवायच्या. शिडवा म्हणे ढलपे टोपलीतून उचलून कडेला टाकायचा. कारभारी अधूनमधून घोड्यावरून येई, उंबराचे तेव्हा नुसते रोप होते म्हणून शिपायाला छत्री धरायला लावून उभा राही आणि विचारी, “काय बायांनो, किती तांबे भरले?”

सबंध उन्हाळाभर हिरकी गात होती. खणायला ताल लागतो. तिचे गाणे थांबले की पहारी थांबत, म्हणून ती थांबेना. खड्ड्यात उतरून, धुरात, राखेत, उडणाऱ्या दगडाच्या भुकटीत ती लग्नातलीच गाणी गात राहिली, डोंगराला आणि कणसरीला बोलावत राहिली. ओहोळही आटत आला होता. प्यायला मिळेल ते पाणी ती पोरींना द्यायची. बाकीच्या धवलेरी म्हणाल्या, थोडा वेळ आम्ही गातो, तू घसा सांभाळ. ती म्हणाली, “शबुद माझ्याकडचा गेलाय. मीच आनते.” त्या हट्टाबद्दल आमच्या आज्या तिला आजही बोल लावतात, आणि बोल लावताना त्यांचे डोळे भरून येतात.

आधी तिचा आवाज घोगरा झाला. मग गाता गाता खोकला येऊ लागला. मग एके दिवशी तोंड उघडले आणि नुसती हवा आली. तिने पुन्हा गाऊन पाहिले, पुन्हा हवाच. खड्ड्यात सगळ्या पहारी थांबल्या. तिची लेक चैती तिथेच होती. त्या वर्षी तिचे लग्न लावायचे होते आणि ते आईच लावणार होती. चैती रडायला लागली. हिरकीने तिच्या हातातली पहार घेतली आणि स्वतः कातळावर हाणली. गाण्यावाचून, तालावाचून, जमेल तशी हाणत राहिली. मग चैतीने गायला सुरुवात केली. तिला पुरती गाणी येत नव्हती. चुकत चुकत गायली.

हिरकी हाणत होती त्याच चिरेतून पाणी आले, असे सांगतात. आधी ओल आली, मग झरपू लागले, आणि ढलपा उचलला तसे भळभळ वर आले. बायांच्या घोट्याला लागले, गुडघ्याला लागले. त्यांना वर ओढून काढावे लागले, कारण कोणाला हसायचे की रडायचे ते सुचत नव्हते आणि कोणीही बाहेर यायला तयार नव्हती. आकाशात तोवर ढगही नव्हता. तुम्ही म्हणाल खाली झरा होता, लागला. असेल. पण त्या जागी खणायची अक्कल कोणाला होती, आणि खणत राहायची हिंमत कोणाला होती, तेही सांगा.

सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरून हिरकी गढीवर गेली. सोबत शिडवा, मागे साऱ्या खोऱ्यांतल्या बाया. या वेळी दरवाजावर कोणी अडवले नाही, एवढ्या जणींना अडवणार कसे? तिने सदरेवर जाऊन तोच तांब्या मागितला, हाताच्या खुणेने, आणि तो काठोकाठ भरला.

कारभाऱ्याचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. “हे तेच पाणी कशावरून?” तो म्हणाला.

हिरकीने तोंड उघडले. आवाज आला नाही. सदरेवर पुन्हा कोणीतरी फिसकन हसले.

तेव्हा शिडवा पुढे झाला. “मी सोडलं त्याच जागंचं हाय,” तो म्हणाला. “हे दुसरं असंल तर माझं कुठं गेलं ते तुम्ही खनून दावा. आम्ही थांबतो.”

आता हशा कारभाऱ्यावर पिकला. सरदाराला शब्द पाळावा लागला. आणि त्याने तो कसा पाळला ते ऐका. त्याने शिडवाला जवळ बोलावले, त्याची पाठ थोपटली, म्हणाला, “वा पाटील, पाणीदार माणूस आहात. डोंगर तुम्हाला परत दिला.” लेखनिकाला सांगितले, लिहा, शिडवा पाटलाने पाणी काढले, शिडवा पाटलाला डोंगर दिला. शिडवा म्हणाला, “मी नाय महाराज, हिनं.” सरदार म्हणाला, “हो, हो, मंडळींचीही मदत झाली असेल.” हिरकी समोर उभी होती. राखेने केस पांढरे झालेली, तळहात फुटलेली, घसा गेलेली. तिला एक शब्द बोलता आला नाही आणि कोणी तिला विचारलाही नाही. त्यांनी लिहिले तेच त्या दप्तरात राहिले, आणि दप्तरातून खालच्या पाटीवर आले.

आता तुम्हाला कळेल मी गुडघे मोडत वर का चढते.

शिडवा गढीतून निघाला तो कोणाशी न बोलता थेट इथे आला. मागून हिरकी आणि बाया आल्या. खड्ड्यात पाणी होते पण काठ उंच, हात पोचत नव्हता. शिडवाने डोक्यावरचे पागोटे सोडले, त्याचे एक टोक मडक्याच्या गळ्याला बांधले आणि मडके खाली सोडले. भरलेले मडके ओढून वर घेतले आणि हिरकीच्या पुढे धरले. तिने धरतरीला दिले, मग स्वतः प्याली. त्या डोंगरावर गाऊन घसा गेलेल्या बाईला त्या टाक्याचे पाणी पहिल्यांदा मिळाले ते असे. तिचा आवाज मात्र परत आला नाही. चैतीचे लग्न लागले तेव्हा आई चौकासमोर बसली आणि तिच्या हातांच्या खुणांवर पलीकडच्या पाड्याची धवलेरी गायली. पुढे चैती धवलेरी झाली. ओले पागोटे शिडवाने काठावरच्या उंबराच्या रोपावर वाळत टाकले आणि परत कधी डोक्याला बांधले नाही.

म्हणून आमच्या नवरदेवाचे डोके लग्नाच्या वेळी उघडे असते. लग्नाच्या सकाळी तो वरात घेऊन वर येतो, आपले पागोटे मडक्याला बांधून पाणी काढतो, ते धवलेरीच्या हातात देतो आणि ओले पागोटे उंबरावर टाकतो. ते होईपर्यंत कोणी बोलत नाही, तारपाही वाजत नाही. ती धरतरीला देते, घोटभर पिते, घसा ओला करते, मग चौकापुढे बसून गाते. बाहेरगावचे सोयरे कुरकुरतात, फोटोत नवरदेव बोडका दिसतो म्हणतात. दिसू दे.

आणि जमिनीचा शब्द आजही इथेच ठरतो, याच काठावर, धवलेरी आणि बायांच्या बैठकीत. सातबाऱ्यावर आजही पुरुषांचीच नावे आहेत, शिडवापासून खाली उतरत आलेली. एकाही बाईचे नाव नाही, हिरकीचे तर नाहीच. मी तलाठ्याकडे जाऊन भांडून आले आहे. तो म्हणाला, वारसाने असंच चालत येतं. चालत येते खरे, कोणी थांबवले नाही की सगळे चालत येते.

गेल्या उन्हाळ्यात एक साहेब आले होते. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही. माथ्यावर तंबूंची वस्ती करायची, टाक्यातले पाणी नळाने त्या तंबूंना न्यायचे, पर्यटन वाढवायचे, गावाचा विकास, असे सगळे होते. त्यांनी खाली शाळेत सभा घेतली. सातबारा पाहून ज्यांची नावे होती त्या पुरुषांना पुढच्या खुर्च्या दिल्या, थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या, आणि म्हणाले, “ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा.” एकही हात वर झाला नाही. साहेबांना वाटले विरोध आहे. पुरुष म्हणाले, तसे नाही, आम्हाला कसला विरोध आणि कसली संमती, तुम्ही चुकीच्या जागी सभा घेतली. वर चला.

साहेब घामाघूम होऊन वर आले. इथे बाया बसल्या होत्या आणि मध्ये आमची आताची धवलेरी मंजी. वयाने साहेबांच्या मुलीएवढी, मांडीवर तान्हे मूल. साहेबांनी इकडेतिकडे पाहिले, बसायला काही नव्हते, शेवटी ते मातीतच बसले. मागे वळून पुरुषांना म्हणाले, “हिला समजावून सांगा ना कोणीतरी.” पुरुष झाडांखालीच उभे राहिले.

मंजी म्हणाली, “त्यांच्याकडं नका बघू. तुमाला काय इचारायचं ते मला इचारा.”

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. सांगायला घेतले ते आधी नळाचे, मग रस्त्याचे, मग गावाला काय काय मिळेल त्याचे. मंजीने सगळे ऐकून घेतले. मूल रडले तेव्हा त्याला पाजत पाजत ऐकले. साहेब शेवटी थांबले, आणि जरा अडखळत म्हणाले, “तर बाई, तुमची परवानगी आहे का?”

टाके खणले गेले तेव्हापासून या डोंगरावर बाहेरच्या माणसाने धवलेरीला तोंडाने विचारले, ते त्या दिवशी पहिल्यांदा. आम्ही साऱ्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागलो.

मंजीने मूल खांद्यावर घेतले.

“नाय,” ती म्हणाली.